मात्सुएत शिरायचं ते शत्रूच्या वाटेने

प्रश्न असा आला आहे. पुण्याचं कुटुंब, नवरा-बायको आणि सोबत सत्तरीला टेकलेले आई-बाबा. एप्रिलमध्ये ओकायामाला धाकट्या भावाकडे जाणार आहेत. बाबांनी उभी हयात सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेत, त्यामुळे त्यांचा आग्रह एकच: सिमेंटचा नको, खरा जपानी किल्ला दाखवा, आणि त्याच्या पायथ्याचं जुनं गावही. आईंचा एक गुडघा दुखतो. सगळे शाकाहारी. हाताशी दोन दिवस आणि मधला एक मुक्काम. कुठे जावं, काय काय बघावं?

मी अठरा वर्षं जपानमध्ये दुभाषाचं काम करते, आणि त्यातली बरीच वर्षं मराठी माणसांना अशी जुनी गावं हिंडवण्यात गेली आहेत. माझं उत्तर मात्सुए. शिमाने प्रांताचं हे मुख्य गाव जपान समुद्राच्या बाजूला, दोन सरोवरांच्या मधोमध वसलंय. वस्ती जेमतेम दोन लाख. ओकायामाहून ‘याकुमो’ नावाची गाडी डोंगर ओलांडून अडीच-पावणेतीन तासांत तिथे पोचवते. जाताना उजव्या हाताची खिडकी घ्या. योनागो जवळ आलं की हवा स्वच्छ असेल तर दाइसेन पर्वत दिसतो.

ओकायामातच किल्ला असताना इतक्या लांब कशाला, असं बाबा विचारतील. ओकायामाचा किल्ला दिसायला देखणा आहे, पण मूळ मनोरा २९ जून १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाला आणि आजचा १९६६ साली काँक्रीटमध्ये उभारलेला आहे. शेजारची कोराकुएन बाग मात्र अस्सल जुनी. १६८७ साली काम सुरू झालं, १७०० साली पुरं झालं. सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेच्या धर्तीवर केलंय, त्यामुळे तुम्हा पुणेकरांना ती बघताना फार गंमत वाटेल. ती बघाच. हिमेजीचंही तसंच. किल्ला निव्वळ अप्रतिम, एक सकाळ नक्की द्या. पण १९४५ च्या हल्ल्यांत किल्ला वाचला आणि भोवतालचं गाव जळून गेलं. मात्सुएवर तसा विध्वंस ओढवला नाही. तिथे मनोरा जुना आहे, खंदक जुने आहेत, रस्त्यांची आखणी जुनी आहे, आणि चारशे वर्षांपूर्वी कोण कुठे राहत होतं ते आजही पायी चालत वाचता येतं. तुम्ही ‘किल्ला आणि गावही’ म्हणालात म्हणून मी हे सांगतेय.

‘खरा’ या शब्दाचाही उलगडा करून ठेवते. जपानी किल्ल्याच्या मध्यभागी जो उंच लाकडी मनोरा असतो त्याला तेन्शु म्हणतात. जुन्या काळातले, मूळ लाकडातले तेन्शु आज सगळ्या जपानात बारा उरलेत. त्यांतल्या पाचांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे: हिमेजी, हिकोने, इनुयामा, मात्सुमोतो आणि मात्सुए. बाकी जिथे लिफ्ट दिसेल तिथे इमारत विसाव्या शतकातली समजावी.

आता कसं बघायचं ते. पहिल्या एक-दोन वर्षांत मी सगळे करतात तेच करायची. स्टेशनवरून लोकांना बसमध्ये घालायचं आणि थेट किल्ल्याच्या दारात उतरवायचं. दीड तासात किल्ला बघून व्हायचा, फोटो व्हायचे, आणि अकराच्या सुमाराला कुणीतरी विचारायचं, “ताई, आता पुढे काय?” पुढचं सगळं मग विस्कळीत वाटायचं. इथे एक जुना वाडा, तिथे एक देऊळ, मध्ये पाणी. दोष माझ्या क्रमाचा होता. किल्ल्याचं गाव म्हणजे जोकामाची, शब्दशः ‘किल्ल्याखालचं गाव’. ते सबंध गाव म्हणजेच तटबंदी असते. तिच्यात शिरायचं ते शत्रू ज्या वाटेने आला असता त्या वाटेने. मात्सुएत ती वाट दक्षिणेकडून आहे. तेव्हापासून मी लोकांना दक्षिणेकडून चालवत उत्तरेला नेते, आणि किल्ला दुसऱ्या दिवशी दाखवते.

थोडी पार्श्वभूमी लागेल. १६०० साली देशाच्या सत्तेसाठी सेकिगाहाराची लढाई झाली, तोकुगावा पक्ष जिंकला, आणि होरिओ घराण्याला इझुमो-ओकी हा मुलूख मिळाला. जुनं ठाणं होतं गास्सान-तोदा, डोंगरातला बळकट किल्ला. बाबांना तो आवडला असता. पण तो दरीत कोंडलेला. हजारो शिपाई, त्यांची कुटुंबं, व्यापारी वसवायला जागा नाही आणि जहाजांची वाटही दूर. होरिओ योशिहारू या अनुभवी सरदाराने सरोवराच्या काठची कामेदा नावाची टेकडी हेरली. १६०७ साली काम काढलं, १६११ साली मनोरा उभा राहिला, आणि त्याच वर्षी योशिहारू गेला.

टेकडी भक्कम होती, पण भोवताली नुसती दलदल. त्यांनी काय केलं, तर टेकडीच्या उत्तरेकडची डोंगराची सोंड कापली. त्या खाचेचा खंदक झाला आणि निघालेल्या मातीने दलदल भरून त्यावर सरदारांची घरं बसवली. एकाच खोदकामात खंदकही झाला आणि घरांना जमीनही मिळाली. खंदकाचं पाणी सरोवराला जोडलेलं असल्यामुळे तो कधी आटत नाही. मात्सुएत तुम्ही ज्या सपाट रस्त्यांवर चालाल त्यांतला बराचसा भाग असा माणसांनी घडवलेला आहे.

पहिल्या दिवशी दुपारी पोचलात की सामान हॉटेलात टाका आणि स्टेशनच्या पश्चिमेला तेरामाचीकडे चालू लागा. तेरा म्हणजे बौद्ध मंदिर, माची म्हणजे पेठ. एकाला लागून एक मंदिरं आहेत. एवढी मंदिरं एका ओळीत का, असं आईंना नक्की वाटेल. मंदिराला मोठं आवार असतं, भिंत असते, वेळप्रसंगी शेकडो माणसं उतरवता येतात. म्हणून जोकामाचीत ती मुद्दाम गावाच्या कडेला, शत्रूच्या तोंडावर मांडलेली असतात. त्यांच्याही दक्षिणेला, तेन्जिन नदीपलीकडे साइकामाची. तिथे आशिगारू म्हणजे पायदळातले साधे शिपाई राहत. साइका हे बंदूकबाजांच्या एका प्रसिद्ध टोळीचं नाव, पेठेला ते त्यांच्यावरून मिळालं. पहिला मार या लोकांनी झेलायचा, दुसरी फळी मंदिरांची, मग नदी. मी आजवर साइकामाचीत कुणाला मुद्दाम थांबवलेलं नाही. बघण्यासारखं तिथे फार काही नाही, पण गल्ल्या कशा सरळ, काटकोनात आखलेल्या आहेत तेवढं नकाशावर बघून घ्या. छावणीची आखणी आहे ती.

तिथून ओहाशी पूल. गावाचे दोन भाग करणाऱ्या नदीवरचा हा मोठा पूल आजचा नवा आहे, पण जागा तीच. दक्षिण टोकाला गेन्सुकेचं स्मारक आहे, तिथे पाच मिनिटं थांबा. दंतकथा अशी की योशिहारूच्या काळी पुलाचे खांब पाण्यात टिकेनात. शेवटी ठरलं की विशिष्ट तऱ्हेचा पायघोळ घालून जो पहिला पूल ओलांडेल त्याला खांबाखाली पुरायचं. तो निघाला गेन्सुके. आपल्याकडे पुलाच्या आणि धरणाच्या बळींच्या गोष्टी सांगतात, तशीच ही. किल्ल्याबद्दलही अशीच एक कथा आहे. उत्सवात सुंदर नाचणारी एक मुलगी भिंतीखाली चिणली, आणि त्यानंतर गावात मुली नाचल्या की टेकडी हादरायची, म्हणून नाचावर बंदी आली. इतिहास म्हणून नका घेऊ. पण दलदलीत पाया बसवणं किती जिवावरचं काम होतं, त्याची आठवण या गोष्टींत राहिली आहे.

पूल ओलांडला की क्योमिसे, व्यापाऱ्यांची पेठ. आता फरशी घातलेला शांत बाजार आहे. इथे पेठांची नावं वाचत चला: उओमाची म्हणजे मासळी पेठ (ती पुलाच्या अलीकडे राहिली), चामाची म्हणजे चहाची पेठ, आणि पुढे तोनोमाची, धन्याची पेठ. पुण्यात कसबा, बुधवार, रविवार म्हटलं की जुन्या माणसाच्या डोळ्यांपुढे वस्ती उभी राहते, तसंच इथल्या म्हाताऱ्यांचं आहे. चौकांकडेही लक्ष असू द्या. काही रस्ते समोरासमोर जुळत नाहीत. एक आडवा येतो, तुम्हाला थोडं बाजूला सरकून मग पुढचा रस्ता सापडतो. नवख्या माणसाला आखणी चुकल्यासारखी वाटते, पण ही जाणूनबुजून केलेली वाकडी वळणं आहेत. घोड्यावरून धावत येणाऱ्याला वेग घेता येऊ नये आणि पुढचं दिसू नये म्हणून. गाडी चालवणारे इथले लोक आजही प्रत्येक वळणावर हळू होतात.

पहिला दिवस इथेच, खंदकाच्या काठावर थांबवा, आणि होडीत बसा. होरिकावाची होडी म्हणून विचारा. साधारण पावणेचार किलोमीटरची फेरी, पन्नास मिनिटं, मनोऱ्याच्या भोवतालच्या खंदकांतून. आईंसाठी हीच सगळ्यात चांगली गोष्ट आहे, कारण न चालता सगळी तटबंदी दिसते. फक्त आधी एक सांगते: चपला काढून होडीच्या तळावर मांडी घालून किंवा पाय पसरून बसावं लागतं, आणि चार ठिकाणी पूल इतके ठेंगणे आहेत की नावाडी होडीचं छप्परच खाली आणतो. त्या वेळी सगळ्यांनी कंबरेत वाकायचं. पुलाच्या बुडाचा ओलसर वास नाकात जातो, दगड हाताच्या अंतरावरून सरकतात, आणि पलीकडे उजेडात आलं की छप्पर हळूच वर जातं. आईंचा गुडघा अगदीच वाकत नसेल तर कडेची जागा आधी मागून घ्या. नावाडी बहुतेक निवृत्त गृहस्थ असतात, गाणंही म्हणतात, मदतीला कधी नाही म्हणत नाहीत. हिवाळ्यात याच होडीत पांघरूण घातलेलं गरम मेज असतं, एप्रिलमध्ये त्याची गरज नाही.

तटाच्या दगडांवर इथेच नजर बसवून घ्या. बाबांना कळेल की आपल्यासारखा हा उभा तट नाही. खाली फाकलेला, वर निमुळता होत गेलेला उतार आहे. बहुतेक दगड फारसे घडवलेले नाहीत, सांधे उघडे, मध्ये बारीक दगडांच्या पाचरी. चुना नाही. भूकंप आला की दगड थोडे हलतात आणि पुन्हा बसतात. काही दगडांवर तराजूच्या मापासारखी खूण कोरलेली आहे. होरिओ घराण्याचं ते चिन्ह. ती एकदा दिसली की मग पुढे माणसं सगळा तटभर तीच शोधत चालतात.

दुसरा दिवस. मनोरा सकाळी साडेआठला उघडतो, तेव्हाच दारात असा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चेरी फुललेली असेल तर दहानंतर टेकडीवर रेटारेटी असते. ओतेमाए, म्हणजे महाद्वाराच्या जागी योशिहारूचा पुतळा आहे. तिथून आत शिरलात की एक मोकळं चौकोनी आवार लागतं, साधारण ४६ मीटर लांब-रुंद. लोक ते न बघता पुढे जातात. याचं नाव उमादामारी. स्वारीला निघताना घोडे आणि माणसं इथे जमवायची, आणि शत्रू महाद्वार फोडून आलाच तर त्याला याच चौकोनात कोंडून वरून तिन्ही बाजूंनी मारायचा. रायगडाच्या महादरवाज्यात बुरुजांच्या कवेत शिरताना जो दबाव जाणवतो, तो बाबांना इथेही जाणवेल.

मनोरा काळा आहे. बाहेरून काळ्या फळ्या ठोकलेल्या, थोडा पांढरा चुना, जमिनीपासून सुमारे तीस मीटर उंची. हिमेजीच्या पांढऱ्या दिमाखापुढे तो रुक्ष वाटतो. मला तो जास्त आवडतो, कारण लढाईसाठी बांधलेली वस्तू तो लपवत नाही. दारापाशी बूट काढून पिशवीत घालायचे आणि ती पिशवी हातात धरून फिरायचं. जाड मोजे घाला, लाकडी जमीन सकाळी गार असते.

आत शिरल्यावर घाई करू नका. प्रवेशाच्या जोडबुरुजात उभं राहून मागे वळा आणि मुख्य मनोऱ्याच्या भिंतीकडे बघा. तिच्यात जंग्या आहेत, आणि त्या बाहेर नाही तर आत, तुमच्या अंगावर रोखलेल्या आहेत. म्हणजे शत्रू दार फोडून आत आला तरी मनोऱ्यातले लोक त्याच्यावर गोळी झाडणार. मग तळघर. तिथे विहीर आहे, मूळची २४ मीटर खोल. उरलेल्या बारा तेन्शुंपैकी पोटात विहीर असलेला हा एकटाच. गडावर पाणी नसेल तर गड नाही, हे तुम्हा डोंगर भटकणाऱ्यांना मी काय सांगू! त्या विहिरीच्या काठाशी मराठी माणसं हटकून थांबतात आणि पाणी किती आहे म्हणून डोकावतात.

तळघर धरून सहा मजले आहेत, आणि जिने चांगलेच चढे. आईंनी वर जाऊ नये, हे मी स्पष्टच सांगते. तळघर आणि विहीर बघून त्यांनी बाहेर यावं. खालच्या अंगणात कोउनकाकू नावाचं पांढरं, पाश्चात्त्य धाटणीचं लाकडी घर आहे. १९०३ साली सम्राट मेइजींसाठी बांधलं, पण त्यांचं येणं झालं नाही. तिथे बसायची सोय आहे, चहा मिळतो. बाबांनी मात्र जिन्यावर हात फिरवून बघावा. हे जिने किरी नावाच्या फार हलक्या लाकडाचे आहेत, फळ्या दहा सेंटिमीटर जाड. हे लाकूड पटकन पेट घेत नाही, कुजत नाही, आणि हलकं असल्यामुळे शत्रू खालच्या मजल्यावर आला की जिनाच वर ओढून घ्यायचा.

खांब बघताना आणखी एक गोष्ट दिसेल. तळापासून शेंड्यापर्यंत जाणारा एकही खांब नाही. एवढी मोठी झाडं त्या काळी मिळणं कठीण झालं होतं, सगळ्या देशातच किल्ले बांधायचा सपाटा चालू होता. म्हणून दोन-दोन मजले पेलणारे ९६ खांब जागा बदलत बदलत लावले आणि वरचं ओझं पायरी-पायरीने बाहेर सरकवत खाली आणलं. कित्येक खांबांना चारी बाजूंनी फळ्या लावून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं आहे, तुटलेल्या पायाला कामट्या बांधाव्यात तसं. टंचाईतून निघालेली ही सुतारकी मला शेंड्यावरच्या देखाव्याहून थोर वाटते. अर्थात देखावाही बघा. सगळ्यात वरचा मजला चहूबाजूंनी उघडा आहे, आणि काल चाललेली सगळी वाट दक्षिणेला खाली पसरलेली दिसते: मंदिरं, नदी, पूल, बाजार, खंदक. काल चालून आला असाल तरच ती वाचता येते.

हा मनोरा आज उभा आहे आणि त्याला राष्ट्रीय ठेव्याचा मान आहे, त्यामागे दोन गोष्टी आहेत. सामुराई राजवट संपल्यावर नव्या सरकारने किल्ले मोडीत काढले. १८७५ साली इथल्या बाकी सगळ्या इमारती विकून पाडल्या आणि मनोऱ्याची बोली ठरली १८० येन. तेव्हा कात्सुबे मोतोएमोन हे श्रीमंत शेतकरी आणि ताकागी गोन्पाची हे संस्थानाचे जुने नोकर पुढे आले. तेवढी रक्कम त्यांनी भरली आणि मनोरा पाडू दिला नाही. दुसरी गोष्ट अलीकडची. १९५० च्या कायद्यानंतर मात्सुएचा राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा गेला होता, आणि तो परत मिळवायला बांधकामाच्या सालाचा पक्का पुरावा हवा होता. पूजेच्या दोन लाकडी पाट्यांवर ते साल होतं, अशी जुनी नोंद होती, पण पाट्याच सापडेनात. २०१२ साली त्या किल्ल्याच्या आवारातल्याच मात्सुए देवळात निघाल्या. त्यांवर केइचो १६, म्हणजे १६११, हे साल होतं. तरी त्या याच मनोऱ्यातल्या कशावरून? मग पाट्यांवरची खिळ्यांची भोकं तळघरातल्या खांबांवरच्या भोकांशी ताडून बघितली. ती तंतोतंत जुळली. २०१५ साली दर्जा परत मिळाला. तळघरात ते खांब आहेत, पाट्यांच्या प्रतिकृती लावलेल्या आहेत. मी तिथे लोकांना खिळ्याची खूण बोटाने दाखवते, तेव्हा आवाज आपोआप खाली येतो.

मनोऱ्याच्या मागच्या अंगाने उत्तरेला उतरा. वाटेत झाडीत जोझान इनारीचं देऊळ आहे, धान्याच्या देवाचं, आणि तिथे दगडी कोल्ह्यांची रांगच रांग. बरेचसे झिजून ओळखू येत नाहीत, शेवाळ चढलंय. १६३८ साली तोकुगावा इएयासूचा नातू मात्सुदाइरा नाओमासा इथला धनी झाला, त्याने हे देऊळ स्थापलं. याच देवळाची नौकायात्रा, होरान्एन्या, दहा वर्षांनी एकदा निघते. मागची २०१९ मध्ये झाली.

खंदक ओलांडला की शिओमी नावाते, पाइन वृक्षांखालचा पाचेकशे मीटरचा रस्ता. डोंगराची सोंड कापली ती इथेच. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मधल्या फळीतल्या सामुराईंची घरं. बुके याशिकी नावाचं घर आत जाऊन बघा. १७३३ च्या आगीनंतर बांधलेलं आहे. दर्शनी दार आणि बैठकीच्या खोल्या पाहुण्यांसाठी: उत्तम लाकूड, खिळे दिसू नयेत म्हणून वर धातूची फुलं. तिथून आत घरच्यांच्या बाजूला गेलात की लाकूड साधं, छत साधं, शोभा काही नाही. वरिष्ठ अधिकारी घरी आला तर मान राहावा, बाकी बायकामुलांनी काटकसरीत राहावं. आपल्याकडच्या वाड्याची सदर आणि माजघर आईंना आठवेल. आईंना हे घर मनोऱ्याहून जास्त भावेल असा माझा अंदाज आहे.

पलीकडेच लाफकाडिओ हर्नचं घर. ग्रीसमध्ये जन्मलेला, आयरिश बापाचा हा लेखक ऑगस्ट १८९० मध्ये इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आला. सामुराई घराण्यातल्या सेत्सुशी त्याने संसार मांडला, पुढे जपानी नागरिक झाला आणि कोइझुमी याकुमो हे नाव घेतलं. मात्सुएत तो सव्वा वर्षच राहिला, त्यातले शेवटचे काही महिने या घरात. पण गेन्सुके, नाचणारी मुलगी, कोल्हे, या सगळ्या गोष्टी जगाला कळल्या त्या त्याच्यामुळे. खोलीत एक विलक्षण उंच टेबल आहे, त्याच्या टेबलाची प्रतिकृती. त्याचा डावा डोळा गेलेला, उजवा अधू, कागद डोळ्यांशी यावा म्हणून टेबल तेवढं उंच. खाली बसून तीन बाजूंनी बाग दिसते. बाबांना बागेत बेडूक दिसला तर चकित होऊ नये, हर्नलाही ते प्रिय होते.

जेवणाबद्दल खरं तेच सांगते. मात्सुए शाकाहारी माणसाला सोपं नाही. सरोवरातल्या शिजिमी, म्हणजे आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांसारख्या बारीक काळ्या शिंपल्या, इथल्या मिसो सारात हटकून असतात. भल्या सकाळी सरोवरावर गेलात तर लांब दांड्याच्या फावड्याने त्या उपसणाऱ्या होड्या दिसतील. इझुमोचे काळपट सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, गोल लाकडी डब्यांच्या चवडीत येतात, फार चवदार असतात, पण वरून ओतायचं पाणी माशाच्या अर्काचं. ते नको सांगून नुसते मीठ, किसलेला मुळा आणि कांद्याची पात यांबरोबर मागता येतात. जपानी भाषेत लिहिलेली चिठ्ठी भावाकडून आधीच करून घ्या. त्यात ‘मासे नको’ एवढंच नको, ‘माशाचा अर्कही नको’ हे स्पष्ट लिहा. रात्रीसाठी ओकायामाहून थेपले, दशम्या, मेतकूट बरोबर ठेवा.

आता उरलेली दुपार. हा किल्ला एकदाही लढला नाही. शत्रू त्या वाटेने कधी आलाच नाही. अडीचशे वर्षं स्वस्थता मिळाल्यावर सामुराई लोकांनी काय केलं, त्याचं उत्तर सातवे धनी मात्सुदाइरा हारुसातो, चहाच्या जगात फुमाई या नावाने ओळखले जातात, त्यांच्यात आहे. बुडत्या संस्थानाचा कारभार सावरला आणि चहाविधीचे मोठे आचार्य झाले. रस्त्यामागच्या टेकाडावर मेइमेइ-आन ही त्यांच्या आवडीची, १७७९ सालची गवताच्या छपराची चहाखोली आहे. पायऱ्या आहेत, पण थोड्या, आईंनी दम खात चढाव्या. वरून मनोरा समोर दिसतो. शेजारच्या खोलीत दाट हिरवा माच्चा, म्हणजे पूड करून घुसळलेला चहा, आणि गोड मिळतं. मात्सुएत घरोघरी लोक दुपारी सहज माच्चा घुसळून पितात, त्याला समारंभ लागत नाही.

वेळ उरला तर बसने गेश्शोजी. मात्सुदाइरा धन्यांच्या समाध्या तिथे आहेत, प्रत्येकीला वेगळं आवार आणि वेगळी दगडी वाट. सहाव्या धन्याच्या आवारात पाठीवर भलाथोरला शिलालेख घेतलेलं प्रचंड दगडी कासव आहे. फुमाईंनी वडिलांसाठी ते करवलं. रात्री ते गावात हिंडायचं अशी कथा. त्याच्या डोक्यावर हात फिरवला की आयुष्य वाढतं म्हणतात, आणि लाखो हातांनी डोकं गुळगुळीत झालंय. महिना जूनचा असता तर भोवती हायड्रेंजियाचा पूर असता.

संध्याकाळी आभाळ मोकळं असेल तर शिंजी सरोवराच्या काठावर, प्रांताच्या कलासंग्रहालयापाशी जा. मार्च ते सप्टेंबर ते सूर्यास्तानंतर अर्धा तास उघडं असतं, एवढा मान इथे सूर्यास्ताला. पण आभाळाची खात्री धरू नका. ‘जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस’ असं या किनाऱ्यावर म्हणतात, आणि ते खरं आहे. म्हणून सूर्यास्ताची दोन्ही संध्याकाळी संधी ठेवा, पहिल्या दिवशी दिसला तर दिसला.

परतीच्या गाडीआधी मिठाईचं दुकान. फुमाईंच्या चहामुळे मात्सुएची मिठाई क्योतो आणि कानाझावाच्या पंक्तीला बसते, आणि बहुतेक प्रकार तांदूळ, डाळी आणि साखरेचे, म्हणजे तुम्हाला चालणारे. तरी घटक विचारून घ्या. ‘वाकाकुसा’ म्हणजे कोवळं गवत: मऊ तांदळाच्या वडीवर हिरवा चुरा. वसंतातली मिठाई आहे ती, पण फार टिकत नाही, तिथेच खा. पुण्याला न्यायची असेल तर ‘यामाकावा’ घ्या, डोंगर आणि नदी, एक लाल वडी आणि एक पांढरी, कोरडी आणि टिकाऊ. ती सुरीने कापत नाहीत. दोन्ही हातांत धरून तोडतात. कडा खडबडीत निघते, डोंगराच्या कड्यासारखी.